आजीचं गोंदण : पुरात भिजलेला फोटो दुरुस्त करताना

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी इर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेलं. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. आमचं गावभागातलं घर तळमजल्यावरचं. पाणी चढायला लागल्यावर कागदपत्रांची पिशवी, दागिने आणि बाबांची औषधं घेऊन आम्ही विश्रामबागेला मावशीकडे गेलो. भिंतीवरचे फोटो भिंतीवरच राहिले.

आठ दिवसांनी दार उघडलं तेव्हा आत घोट्याएवढा गाळ होता. पंचनाम्याला आलेल्या माणसांनी भांडी, कपडे, धान्य, फ्रीज, गाद्या सगळं लिहून घेतलं. फोटोंबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. त्या वेळी फोटो आठवण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

दार उघडल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी अल्बम हाती आला. पानं एकमेकांना चिकटली होती. मी आणि आईने ती ओढून सोडवली आणि त्यात आजीचे तीन फोटो कायमचे गेले. एका पानावरचा चेहरा सोलून दुसऱ्या पानाला चिकटला. हे आधी सांगते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात आत्ता असा ओला अल्बम पडलेला असू शकतो. जुन्या कृष्णधवल फोटोतली प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. तो थर ओला झाला की फुगतो आणि वाळताना समोर जे असेल त्याला डिंकासारखा धरतो. चिकटलेली पानं ओढू नका. स्वच्छ, थंड पाण्याच्या पसरट ताटात ठेवा आणि आपोआप सुटतील तेवढीच सुटू द्या. मग प्रतिमेच्या बाजूला बोट न लावता जाळीवर पालथे नाही, उताणे वाळवा. लगेच वेळ नसेल तर मध्ये बटर पेपर घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन दिवसांच्या आत हे केलं तर पुष्कळ वाचतं. आम्हाला हे कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

राहिला तो आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो. साल १९५०, मिरजेच्या स्टुडिओत काढलेला. खालच्या कोपऱ्यात कागदावरच उठवलेला स्टुडिओचा ठसा आहे, त्यातलं ‘मिरज’ तेवढं वाचता येतं. आजोबा कोट-टोपीत, आजी नऊवारीत, दोघांच्या मुंडावळ्या अजून सुटलेल्या नाहीत. फोटो चौकटीतच बुडाला होता, त्यामुळे वाळताना काचेला आतून चिकटला. खालच्या बाजूला गाळाचे तपकिरी पट्टे, वरच्या भागात भेगा आणि आजीच्या डाव्या डोळ्यापासून गालापर्यंतचा तुकडा नाहीसा. आईने तो जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटात वर ठेवला. २०२१ मध्ये बाबा गेले. त्यांना त्यांच्या आईचा फोटो पुन्हा भिंतीवर बघायचा होता. ते माझ्याच्याने त्यांच्या हयातीत झालं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मी तो खाली काढला. माझी नोकरी पतसंस्थेत, संगणकाशी संबंध खातेवही आणि पत्रांपुरता. फोटो दुरुस्तीचा ‘क’ सुद्धा येत नव्हता.

आधी एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. त्यांनी चौकटीचे मागचे खिळे पक्कडीने हलकेच काढले, पुठ्ठा बाजूला केला, काच उजेडात धरली आणि म्हणाले, “हा काचेवरनं काढायचा नाय. काच आता ह्याच्याच अंगाची समजा.” हातपाय गळाले खरे, पण त्यांचा सल्ला लाखमोलाचा होता. दुसऱ्या एका ठिकाणी दीड हजार रुपये आणि दोन दिवस सांगितले, “चेहरा नवीन बसवून देतो” म्हणाले. नवीन चेहरा हे शब्द मला खटकले. मी फोटो परत घेऊन आले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साडेपाच हजारांचा एक सपाट स्कॅनर घेतला. घरातले सुटे फोटो त्यावर फार चांगले आले, काचेचा मात्र धूसर. स्कॅनरमध्ये काही दोष असेल म्हणून मी दोन दिवस तोच बदलायच्या मागे होते. नंतर समजलं की स्वस्त, पातळ स्कॅनर ज्या पद्धतीचे असतात त्यांना अगदी पृष्ठभागाला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. मधे चौकटीच्या काचेची जाडी आली की प्रतिमा लांब जाते आणि पुसट होते. वाकलेल्या, गोल झालेल्या फोटोंचंही तेच होतं. जाडजूड, जुन्या पद्धतीच्या स्कॅनरला ही अडचण कमी येते. तुमचा फोटो काचेला चिकटला असेल तर स्कॅनरवर पैसे घालायच्या आधी कॅमेरा कुणाकडे मिळतो का बघा.

भाच्याकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. एका रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून खोली काळोखी केली. काच बाहेरून किंचित ओलसर फडक्याने पुसली, काचेवर थेट पाणी मारलं नाही. फोटो टेबलावर सपाट, कॅमेरा तिपाईवर बरोबर वर, दोन्ही बाजूंना एकसारखे दोन दिवे ४५ अंशांत. तरी काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब पडायचं. काळ्या शालीला भिंगापुरतं भोक पाडून ती मधे धरली तेव्हा ते गेलं. चाळीसेक फोटो काढले, त्यातले तीन कामाला आले.

सुट्या फोटोंसाठी मी पाळलेली मापं सांगते. साधा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके), पासपोर्टएवढा लहान असेल तर १२०० ला. स्कॅनरच्या आपोआप धूळ काढणाऱ्या, रंग सुधारणाऱ्या सगळ्या सोयी बंद ठेवायच्या. साठवायचं टिफ स्वरूपात, म्हणजे तपशील गाळला जात नाही, जेपेगमध्ये नाही. पाच बाय सात इंचांचा फोटो ६०० डीपीआयला १६ बिट रंगीत स्कॅन केला की फाइल साधारण ७५ एमबीची होते, तेव्हा संगणकात जागा करून ठेवा. आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. याचं कारण मला मार्चमध्ये कळलं आणि त्या रात्री मी आईला झोपेतून उठवलं.

काम करायला गिंप हे फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर घेतलं, फुकट मिळतं म्हणून. पहिले पंधरा दिवस नुसतं अडखळण्यात गेले. लेयर (चित्रावर ठेवलेला पारदर्शक थर) म्हणजे काय, मास्क म्हणजे काय, पुसलेलं परत कसं आणायचं, हे सगळं घरच्या दुसऱ्या फोटोंवर शिकले. ते बरं झालं. पहिला हात मुख्य फोटोवर कधीच टाकू नका. मूळ फाइलची प्रत करायची, मूळ वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद समजायची आणि दुरुस्ती नेहमी वेगळ्या लेयरवर करायची, म्हणजे चुकलं तर तेवढा लेयर उडवता येतो.

गाळाच्या पट्ट्यांशी मी आठवडाभर झगडत होते. ब्रश घेऊन एकेक पट्टा पुसायचा आणि त्याखालचा लुगड्याचा काठही पुसला जायचा. मग कुठेतरी वाचलं, तसं करून बघितलं. गिंपमध्ये कलर्स, त्यात कॉम्पोनंट्स, त्यात डिकंपोज असं गेलं की रंगीत चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन कृष्णधवल भाग वेगळे होतात. निळ्या भागात गाळ काळाकुट्ट दिसत होता. हिरव्यात थोडा कमी. लाल भाग उघडला आणि पट्टे जवळजवळ नाहीसेच झाले. पिवळा-तपकिरी डाग निळा उजेड गिळतो, लाल उजेड मात्र सोडून देतो, म्हणून लाल भागात तो कागदाच्याच रंगाचा होऊन जातो. फोटो रंगीत टिपला नसता तर हे तीन भाग मिळालेच नसते. पट्ट्याखालून लुगड्याच्या काठाची नक्षी वर आली, बारीक रुईफुलाची. साडेअकरा वाजले होते. आईला उठवून दाखवलं. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. म्हणाली, “सासूबाईंनी हे लुगडं मला दाखवलं होतं. काठ असाच होता.”

आजोबांच्या काळ्या कोटावर मात्र निळसर, चांदीसारखी चमक आली होती. जुन्या फोटोतली चांदी कालांतराने वर येते, त्याची ती चमक. दिव्यांचा कोन बदलून काढलेल्या दुसऱ्या फोटोत ती फार कमी होती, म्हणून कोट तिथून उचलला.

भेगा बुजवायला हील आणि क्लोन ही दोन हत्यारं. क्लोन एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे उमटवतं, हील तो आजूबाजूच्या छटेशी जुळवून घेतं, म्हणून भिंत, पडदा, कपाळ अशा मोकळ्या जागी ते छान चालतं. गडद-उजळ जिथे भेटतात, टोपीची कड, जबड्याची रेघ, तिथे हील वापरलं की काळं पांढऱ्यात ओघळतं. कडेला क्लोनच. ब्रश भेगेपेक्षा जरासाच मोठा घ्यायचा. दर दहा मिनिटांनी चित्र लहान करून पूर्ण बघायचं, नाहीतर एकच ठिपका पाच ठिकाणी उमटलेला असतो आणि जवळून तो दिसत नाही. आधी मागचा पडदा, मग कपडे, शेवटी चेहरे, हा क्रम ठेवला, त्यामुळे चेहऱ्यापर्यंत येईस्तोवर हात बसला होता. शिकण्याचे दिवस धरून, रोज रात्री दीड तास, असे साधारण पाच आठवडे लागले.

आता चेहरा. उजवी बाजू उलटवून डावीकडे लावून पाहिली. कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. दिसली ती भलतीच कुणीतरी बाई. थकव्यात एका रात्री मी मोबाइलवरच्या एआय ॲपमध्ये फोटो टाकला. दहा सेकंदांत डोळा आला, गाल आला, कातडी तुकतुकीत झाली. खरं सांगते, मला तो आवडला. दुसऱ्या दिवशी आत्याला पाठवला. आत्या ६९ वर्षांची, बाबांची मोठी बहीण, मिरजेला असते. तिचा लगेच फोन आला.

“ही कोण गं?”

“आजी.”

“आईच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?”

मी माझी फाइल उघडली. आजी गेली तेव्हा, १९८९ मध्ये, मी पाच वर्षांची होते. मला तिच्या हाताचा वास आठवतो, चेहरा नाही. मूळ फोटोत हनुवटीवर एक बारीक काळा ठिपका होता. ॲपने तो डाग म्हणून पुसला होता. आणि त्याच्या आठवडाभर आधी मीही तो हीलने पुसला होता, दोन भेगा आणि बुरशीच्या बारा-पंधरा ठिपक्यांबरोबर, एका सपाट्यात. लेयर वेगळा होता म्हणून परत आणता आला.

त्यानंतर मी कामाची पद्धतच बदलली. फोटोची मोठी छापील प्रत घेऊन आत्याकडे गेले, हातात लाल पेन दिलं आणि म्हटलं, जे आईचं आहे त्याला गोल कर. तिने गोंदणाला गोल केला. भुवईतल्या खंडाला केला, लहानपणी पाटा लागून झालेला. आजोबांच्या कानाच्या वरच्या भागावरची खूणही दाखवली, तिथे पूर्वी भिकबाळी होती. हे सगळं मी डाग म्हणून काढलेलं किंवा काढणार होते. डाग कोणता आणि माणूस कोणता हे संगणकाला कळत नाही आणि त्या माणसाचा चेहरा न आठवणाऱ्या नातीलाही कळत नाही. घरात ओळखणारं माणूस असेल तर ब्रश हातात घ्यायच्या आधी त्यांच्याकडे जा. मी पाच आठवडे उशिरा गेले.

डाव्या डोळ्याचा प्रश्न उरलाच होता. आजीचे बाकीचे फोटो पाण्यात गेलेले. आत्यालाच आठवलं की आजोबा १९८६ मध्ये निवृत्त झाले तेव्हा पेन्शनच्या कागदांसाठी दोघांनी फोटो काढला होता. पेन्शनच्या प्रस्तावाला नवरा-बायकोचा जोडफोटो लावावा लागतो. आजोबा जिल्ह्याच्या पूर्व भागात प्राथमिक शिक्षक होते. तो भाग दुष्काळी, तिथे पूर पोचत नाही. म्हणजे कागद असले तर कोरडे असणार.

२० मार्चला आत्याला घेऊन एसटीने तिथल्या कार्यालयात गेले. अर्ज आत्याच्या नावाने केला, मुलगी म्हणून. सोबत तिच्या आधारची झेरॉक्स, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि नातं दाखवायला तिचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर वडिलांचं नाव असतं म्हणून. आवक क्रमांक टाकून पोच घेतली. ही पोच न विसरता घ्या, पुढची सगळी बोलणी तिच्यावर चालतात. उत्तर मिळालं, “जुन्या रेकॉर्डमध्ये बघावं लागेल, तीन आठवड्यांनी या.” १२ एप्रिलला गेलो तर रेकॉर्डची किल्ली ज्यांच्याकडे ते निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. सांगलीचं मतदान ७ मेला होतं, तोवर कुणी हाती लागणं कठीणच. त्या दिवशी उन्हात स्टँडवर दोन तास बसून आत्या एवढंच म्हणाली, “आपण परत येऊ.” मला रडू आलं. तिचे गुडघे दुखत होते आणि हे सगळं मी पुसून टाकलेल्या एका ठिपक्यापासून सुरू झालं होतं.

१४ मे. लिपिक बाईंनी स्वतः चार गठ्ठे उतरवले. लाल फडक्यातला चौथा गठ्ठा आमचा. कागद पिवळे पडले होते, टाचणीचा गंज उमटला होता, पण फोटो शाबूत. कोपऱ्यावर गोल शिक्का, अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. मूळ काढून देता येणार नाही म्हणाल्या, ते बरोबरच होतं. मोबाइलने टिपायची तोंडी परवानगी साहेबांकडून मिळवून दिली. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, कागद सपाट धरून मी वीस फोटो घेतले. आत्या मागे उभी होती. “तशीच बघायची,” म्हणाली. तिन्ही खेपांचा एसटी, चहा-नाश्ता आणि झेरॉक्स मिळून हजाराच्या आत खर्च झाला.

त्या फोटोतली आजी ५३ वर्षांची, लग्नातली १७ ची. तो डोळा जसाच्या तसा उचलून लावणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पण डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली आलेली होती, भुवईचं टोक जरा वर वळलेलं होतं, हे दिसलं. तेवढ्या आधारावर उजव्या डोळ्याचे तुकडे घेऊन, पापणी खाली ओढून, छटा हळूहळू भरत गेले. गालावर काहीही रेखाटलं नाही, शेजारच्या कातडीची छटा फिकट पसरू दिली. दुरुस्त केलेला भाग फार गुळगुळीत दिसतो, त्यावर शेवटी बारीक नॉइज, म्हणजे कणांची खरखर, टाकला की मूळ फोटोच्या कणांशी तो मिळतो. ही पायरी लोक विसरतात आणि मग ठिगळ लांबून ओळखू येतं.

दोन प्रती छापल्या, आठ बाय दहाच्या, मॅट कागदावर. एकीत डोळा भरलेला. दुसरीत डाग आणि भेगा काढलेल्या, पण जिथे काही उरलं नव्हतं तिथे सपाट करडी जागा. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून घेतली, म्हणजे पुन्हा ओल आली तरी फोटो काचेला टेकणार नाही. प्रती आणि चौकटी मिळून अकराशे रुपये झाले. फाइली संगणकात, एका हार्ड डिस्कवर आणि पुण्याला भावाकडे अशा तीन ठिकाणी ठेवल्या. काचेला चिकटलेला मूळ फोटो तसाच आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यात, आता वरच्या मजल्यावर.

९ जूनला दोन्ही प्रती घेऊन आत्याकडे गेले. तिने भरलेला फोटो आधी घेतला, हनुवटीवर बोट ठेवलं, मग डोळ्यावर. “जवळ आलाय,” म्हणाली. भिंतीवर लावायला तिने करड्या जागेचा मागून घेतला. भरलेला आईला दिला.

चौकटीत घालायच्या आधी मागे पेन्सिलने लिहायचं होतं. बॉलपेनची शाई आणि दाब पुढच्या बाजूला उमटतो, म्हणून पेन्सिलच घ्या. मी लिहिलं : मिरज, १९५०. डावा डोळा व गाल १९८६ च्या जोडफोटोवरून, अंदाजाने. दुरुस्ती २०२४. आत्याने पेन्सिल मागून घेतली आणि खाली आजीचं माहेरचं नाव लिहिलं, पहिलं नाव आणि आडनाव. ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायच्या आधीचं. ते मी पहिल्यांदा वाचत होते.